घोकंपट्टीचा आरोप आणि धातुरूपांची बाजू

दहावीच्या परीक्षेचा हंगाम जवळ आला की लातूर आणि नांदेड या दोन शहरांत संस्कृतच्या धातुरूपांची उजळणी जोर धरते आणि तिच्या पाठोपाठ त्या उजळणीवरची टीकाही ठरल्या वेळी हजर होते. टीकेचा आशय साधारण असा असतो : लट्, लङ्, लोट्, विधिलिङ् आणि लृट् या पाच लकारांची, म्हणजे अनुक्रमे वर्तमानकाळ, भूतकाळ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि भविष्यकाळ यांची कोष्टके मुलांकडून घोकून घेणे म्हणजे भाषा शिकवणे नव्हे, संस्कृत हा विषय मुळात गुण ओढण्यासाठी घेतला जातो, ही सारी लातूर पॅटर्नची देणगी आहे, आणि भाषा शिकवायचीच असेल तर ती व्याकरण बाजूला ठेवून, बोलण्यातून, ओघाओघात शिकवावी. या चार विधानांपैकी एकही संपूर्ण खोटे नाही आणि म्हणूनच ती एकत्र बांधून जो निष्कर्ष काढला जातो, तो तपासून पाहण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. निष्कर्ष असा की उजळणी हाच रोग आहे. प्रस्तुत प्रतिवाद या निष्कर्षापुरता आहे. धातुरूपांच्या उजळणीत दोष नाही. ती वाक्यापर्यंत पोहोचू दिली जात नाही हा दोष आहे, आणि त्याची जबाबदारी घोकणाऱ्या मुलापेक्षा प्रश्न काढणाऱ्यावर अधिक येते.

प्रथम लातूर पॅटर्नविषयी, कारण वादात हे नाव इतक्या सैलपणे फेकले जाते की त्याचा मूळ अर्थ हरवून गेला आहे. लातूरचे राजर्षी शाहू महाविद्यालय १९७० साली स्थापन झाले, डॉ. जनार्दन वाघमारे त्याचे संस्थापक प्राचार्य होते, आणि पुढे ज्या अध्यापनपद्धतीला हे नाव पडले ती अकरावी-बारावीच्या विज्ञान शाखेसाठी आकाराला आली. दहावीच्या संस्कृतशी तिचा जन्मसंबंध नाही. या पद्धतीचे मर्म चमत्कारिक असे काही नव्हते. शिकवलेल्या भागावर ठरावीक अंतराने चाचणी घ्यायची, तपासलेली उत्तरपत्रिका लगेच मुलाच्या हातात द्यायची, चुकलेला प्रश्न त्याच्याकडून पुन्हा सोडवून घ्यायचा आणि हे परीक्षेपर्यंत न कंटाळता चालू ठेवायचे, एवढाच तिचा गाभा होता. लातूरच्या उद्योग भवन परिसरात किंवा नांदेडच्या भाग्यनगर-श्यामनगर भागात आज जी शिकवण्यांची बाजारपेठ उभी आहे, तिने या गाभ्याभोवती जाहिरातीचे फलक, गुणवंतांची छायाचित्रे आणि न पेलणारी शुल्के यांचे कवच चढवले, ही गोष्ट वेगळी आणि तिच्यावर टीका व्हायलाच हवी. परंतु वारंवार चाचणी घेणे हे ज्ञानाला मारक आहे, असे म्हणणाऱ्याने पुरावा द्यायला हवा, आणि उपलब्ध पुरावा उलट दिशेचा आहे. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही विद्यार्थ्यांनी एक उतारा पुन्हापुन्हा वाचला आणि काहींनी तो वाचून मग न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या परीक्षेत पुन्हा वाचणारे सरस ठरले, पण दोन दिवसांनी आणि आठवड्याने घेतलेल्या परीक्षेत आठवून लिहिणारे पुढे गेले. न पाहता कोष्टक भरणे ही कृती या दुसऱ्या प्रकारात मोडते. ज्याला आक्षेपक घोकंपट्टी म्हणतात तिचा मोठा भाग प्रत्यक्षात स्मरणाचा सराव असतो, आणि एकदा शिकलेले टिकवण्याचा त्याहून चांगला मार्ग अजून तरी कोणी दाखवलेला नाही.

दुसरा मुद्दा गुणांचा. लातूर विभागीय मंडळाच्या अखत्यारीत लातूर, नांदेड आणि धाराशिव हे तीन जिल्हे येतात, आणि दहावीला शंभर टक्के मिळवणाऱ्यांच्या यादीत या विभागाचा वाटा डोळ्यांत भरण्याइतका मोठा असतो : २०२३ मध्ये राज्यातील १५१ पैकी १०८, २०२४ मध्ये १८७ पैकी १२३ आणि २०२५ मध्ये २११ पैकी ११३. हे आकडे पुढे करून, संस्कृतची कोष्टके पाठ करून मिळवलेले हे फुगीर यश आहे, असे सांगितले जाते. परंतु शंभर टक्के म्हणजे सर्वोत्तम पाच विषयांची बेरीज आणि तीत कला-क्रीडेचे वाढीव गुण मिळवलेले असतात. संस्कृत हा त्यातला फार तर एक विषय, आणि संयुक्त अभ्यासक्रमात तर तो निम्म्या विषयाइतकाच, पन्नास गुणांचा. फुगवटा कोठून येतो याचा शोध खरोखर घ्यायचा असेल तर २०१९ चा निकाल पाहावा. त्या वर्षी भाषा विषयांतील शाळेच्या हातचे वीस गुण काढून घेण्यात आले, शंभर गुणांची लेखी परीक्षा झाली, आणि राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० टक्क्यांवर आला. पुढच्या वर्षी वीस गुण परत मिळाले आणि निकाल ९५.३० टक्क्यांवर गेला. २०१९ मध्ये अभ्यासक्रमही नवा होता आणि २०२० मध्ये करोनामुळे भूगोलाचा पेपर झालाच नाही, हे लक्षात घेऊन या चढउतारातले काही टक्के बाजूला काढले, तरी उरलेला फरक पुरेसा बोलका आहे. कोष्टके दोन्ही वर्षी तीच होती. मंडळाची ही खिरापत कोणी वाटली, कोणी काढून घेतली आणि कोणी पुन्हा वाटली, हे ठाऊक असूनही दोष ‘अगच्छत् अगच्छताम् अगच्छन्’ म्हणणाऱ्या मुलाच्या माथी मारायचा, हा न्याय अजबच म्हणायचा.

आता मूळ प्रश्नाकडे. कोष्टक म्हणजे नेमके काय, याचा विचार न करता त्यावर आघात केले जातात, म्हणून थोडा हिशेब करून पाहणे इष्ट ठरेल. संस्कृत क्रियापदाला एका लकारात तीन पुरुष आणि तीन वचने मिळून नऊ रूपे होतात; पाच लकारांची पंचेचाळीस. समजा शालेय अभ्यासक्रमात परस्मैपदाचे तीस धातू आले, तर रूपांची संख्या तेराशे पन्नास होते, आणि ही संख्या ऐकून कोणाही पालकाला घाम फुटावा. परंतु धातुरूपे समजून घेणारा विद्यार्थी तेराशे पन्नास रूपे पाठ करत नाही. तो गम् किंवा पठ् अशा एखाद्या नमुना धातूची पंचेचाळीस रूपे पक्की करतो आणि उरलेल्या प्रत्येक धातूची दोन अंगे लक्षात ठेवतो : एक पहिल्या चार लकारांचे, जसे ‘गच्छ्’, आणि दुसरे भविष्यकाळाचे, जसे ‘गमिष्य्’. तीस धातूंची साठ अंगे आणि एका नमुन्याची पंचेचाळीस रूपे, म्हणजे शंभराच्या आसपास गोष्टी ध्यानात ठेवून तेराशेंवर रूपे हवी तेव्हा तयार करता येतात. असे कोष्टक हा लघुरूपात मांडलेला नियमच असतो.

ही लाघवाची दृष्टी भारतीय व्याकरणपरंपरेच्या अगदी मुळाशी आहे. पतंजलीने महाभाष्याच्या पहिल्याच आह्निकात, म्हणजे एका दिवसाच्या पाठाइतक्या प्रकरणात, एक जुनी कथा सांगितली आहे : बृहस्पतीने इंद्राला एकेक शब्द सुटा सुटा सांगण्यास आरंभ केला, दिव्य अशी एक हजार वर्षे तो सांगत राहिला आणि तरी शेवट आला नाही. बृहस्पतीसारखा शिक्षक, इंद्रासारखा विद्यार्थी आणि इतका काळ हाताशी असूनही जे साधले नाही, ते शंभर वर्षांच्या आयुष्यात माणसाला कसे साधावे, असा पतंजलीचा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर आहे : सामान्य नियम आणि त्याचा अपवाद, म्हणजे उत्सर्ग आणि अपवाद. या कसोटीवर आजचे चित्र पाहिले तर विनोद असा की बाजारातली मार्गदर्शके अभ्यासक्रमातल्या एकेका धातूची पाचही लकारांतली सगळी रूपे पानेच्या पाने छापून देतात आणि पतंजलीने ज्याची अशक्यता दाखवली तो प्रतिपदपाठच विद्यार्थ्यांच्या गळ्यात बांधतात. आक्षेपकांनी या मार्गदर्शकांवर हल्ला चढवला असता तर तो नेमका बसला असता. तसे न करता ते नमुना-कोष्टकावर घसरतात आणि प्रतिपदपाठातून सुटण्याचा जो एक मार्ग मुलाजवळ होता तोच बंद करू पाहतात.

नांदेडच्या बाबतीत तर हा विषय घरचाच आहे. गोदाकाठच्या या गावाचे मूळ सांगणारे शेष घराणे व्याकरणाच्या इतिहासात फार मोठे मानले जाते. या घराण्यातील पंडित काशीस गेले आणि तेथे शेषकृष्णाने रामचंद्राच्या प्रक्रियाकौमुदीवर ‘प्रकाश’ ही टीका लिहिली. पाणिनीची अष्टाध्यायी सुमारे चार हजार सूत्रांची, पण तिच्यातला क्रम शिकणाऱ्याच्या सोयीचा नव्हे. एकच रूप सिद्ध करायला अनेक अध्यायांतली सूत्रे गोळा करावी लागतात. प्रक्रियाग्रंथांनी ती सूत्रे विषयवार लावली : संधी एकीकडे, नामांची रूपे एकीकडे, धातूंचे लकार एकीकडे. शेषकृष्णाचा शिष्य भट्टोजी दीक्षित याची सिद्धान्तकौमुदी ही या मांडणीची परिणती होय, आणि भट्टोजीचा शिष्य वरदराज याने कोवळ्या विद्यार्थ्यांसाठी तिचा संक्षेप करून लघुकौमुदी सिद्ध केली. शिकणाऱ्याला पेलेल अशा बेताने व्याकरण कापून, मांडून, पाठ करता येईल असे करणे ही कल्पना उद्योग भवन परिसरातल्या एखाद्या वर्गचालकाला सुचलेली नाही. काशीच्या घाटावर ती किमान चारशे वर्षांपूर्वी रुजली आणि तिच्या मुळाशी नांदेडच्या घराण्याचा हात होता. या इतिहासातला वादही उद्बोधक आहे. भट्टोजीने प्रौढमनोरमेत आपल्या गुरूच्याच ग्रंथातील मतांचे खंडन केले. शेषकृष्णाचा पुत्र वीरेश्वर याचा शिष्य जगन्नाथ पंडित याला ते सहन झाले नाही आणि त्याने मनोरमेचे खंडन करणारा ग्रंथ रचून त्याला जे नाव दिले ते आजच्या वृत्तपत्राने छापले नसते. दोन्ही पक्ष एकमेकांवर तुटून पडले, गुरुद्रोहापर्यंतचे आरोप झाले, पण रूपे मुखोद्गत असावीत की नसावीत हा वादाचा विषय कधीच नव्हता. मुखोद्गत रूप कोणत्या सूत्राने सिद्ध होते आणि प्रयोगात कोठे बसते, यावर ते भांडत होते. पाठांतर ही भांडणाला बसण्यासाठी लागणारी किमान पात्रता होती.

हे केवळ संस्कृतपुरते होते, असेही नाही. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, तेथे दरबारी भाषा आधी फारसी आणि मग उर्दू होती, आणि फारसी शिकणाऱ्या मुलाच्या हाती पहिल्यांदा पडे तो ‘आमदनामा’, म्हणजे ‘आमदन’ या ‘येणे’ अर्थाच्या धातूपासून आरंभ करून फारसी क्रियापदांची रूपे काळांनुसार ओळीने देणारी छोटी पोथी. ही रूपे सुरात म्हणून घेण्याला गर्दान म्हणत. मौलवींच्या मकतबातली गर्दान आणि शास्त्रीबुवांच्या पाठशाळेतली धातुरूपावली यांत लिपीचा, धर्माचा आणि राजाश्रयाचा फरक होता. पद्धतीत फरक नव्हता. जी भाषा रस्त्यावर आणि स्वयंपाकघरात कानावर पडत नाही ती शिकण्यासाठी दोन पूर्णपणे वेगळ्या परंपरा एकाच उपायाशी येऊन थांबल्या, ही गोष्ट आक्षेपकांनी विचारात घ्यावी.

यावर आक्षेपकांचे ठेवणीतले उत्तर असे असते की हे सारे जुने झाले. आज जगभर परकीय भाषा संवादातून शिकवतात, स्पॅनिश किंवा जर्मन शिकणारी मुले कोष्टके घोकत बसत नाहीत. हे विधान करणाऱ्याने स्पॅनिशचे कोणतेही शालेय पुस्तक उघडून पाहिलेले नसावे. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या भाषांच्या यादीत असलेल्या या भाषेत क्रियापदांचे तीन गण आहेत, प्रत्येक काळात सहा रूपे आहेत, आणि परीक्षेच्या आदल्या रात्री स्पॅनिश शिकणारे मूल ‘आब्लो, आब्लास, आब्ला, आब्लामोस, आब्लाइस, आब्लान’ असा बोलण्याच्या धातूचा वर्तमानकाळ म्हणते, ते लातूरच्या मुलाने ‘पठामि पठावः पठामः’ म्हणण्याहून निराळे नाही. शिवाय भूतकाळ दोन : पूर्ण झालेल्या क्रियेचा एक आणि चालू असलेल्या किंवा नित्य घडणाऱ्या क्रियेचा दुसरा; त्यांतली निवड हीच त्या भाषेच्या परीक्षेतली सर्वांत अवघड जागा. संवादपद्धतीने शिकवणाऱ्या शिक्षकालाही ही रूपे केव्हातरी फळ्यावर ओळीने मांडावीच लागतात; फरक इतकाच की तो त्याआधी आणि त्यानंतर मुलाला ती बोलायला आणि वाचायला लावतो.

संस्कृत संभाषणाच्या वर्गांचे उदाहरणही वारंवार दिले जाते. तेथे दहा-बारा दिवसांत मुले बोलू लागतात, हे खरे आहे आणि कौतुकास्पदही आहे. परंतु ती कशी बोलू लागतात हे बारकाईने पाहावे. भूतकाळासाठी त्या वर्गांत लङ् लकार सहसा टाळतात आणि ‘सः गतवान्’, ‘सा गतवती’ अशी धातुसाधित विशेषणे वापरतात, म्हणजे नऊ रूपांच्या जागी लिंग आणि वचन एवढेच सांभाळावे लागते. सुरुवातीसाठी ही युक्ती उत्तम, पण तेवढ्यावर थांबलेल्या विद्यार्थ्याला पंचतंत्रातली एक साधी गोष्ट वाचायला द्यावी. ‘अवसत्’, ‘अवदत्’, ‘अपश्यन्’ ही रूपे पहिल्याच परिच्छेदात त्याची वाट अडवतील. संस्कृत शिकण्याचे शालेय प्रयोजन मुख्यतः वाचन हे आहे, बसस्थानकावर तिकीट मागणे हे नव्हे, आणि वाचणाऱ्याला ग्रंथकाराने वापरलेले रूप ओळखावे लागते. आपल्याला सोपे पडेल ते रूप ग्रंथकाराने वापरावे, अशी अट त्याला घालता येत नाही.

येथवरच्या विवेचनाने शिकवणीवर्गांचे चालक सुखावले असतील तर पुढचा भाग त्यांच्यासाठी आहे. पाठांतराचा बचाव म्हणजे क्लृप्त्यांचा बचाव नव्हे, आणि वर्गांत ‘ट्रिक’ म्हणून जे विकले जाते ते पाठांतरही नाही व आकलनही नाही. त्यांतली सर्वांत लोकप्रिय क्लृप्ती अशी : रूपाच्या आरंभी ‘अ’ दिसला की लङ्, म्हणजे भूतकाळ. ‘अगच्छत्’, ‘अपठन्’ येथे ती चालते. पण ‘अटति’ म्हणजे भटकतो, ‘अर्चति’ म्हणजे पूजा करतो. दोन्ही वर्तमानकाळ, कारण तो ‘अ’ धातूचाच आहे. ‘अवगच्छति’ म्हणजे समजतो, हाही वर्तमानकाळ, कारण ‘अव’ हा उपसर्ग आहे. भूतकाळाचा ‘अ’ उपसर्ग आणि धातू यांच्या मध्ये बसतो आणि रूप ‘अवागच्छत्’ असे होते. उलट ‘ऐच्छत्’ हा भूतकाळ आहे आणि त्यात ‘अ’ दिसतच नाही, कारण इष् धातूच्या आरंभीच्या स्वराशी मिळून त्याचा ‘ऐ’ झाला आहे. दुसरी क्लृप्ती शेवटाची : ‘ताम्’ आले की द्विवचन. ‘गच्छताम्’ म्हणजे ते दोघे जावोत, हे आज्ञार्थाचे द्विवचन आहेच. पण ‘लभताम्’ म्हणजे त्याला मिळो, हे आत्मनेपदी धातूचे आज्ञार्थी एकवचन आहे आणि तेथे द्विवचन ‘लभेताम्’ होते. ज्याने कोष्टक खरोखर पाठ केले आहे तो मुलगा या दोन्ही ठिकाणी अडखळत नाही. ‘लभताम् लभेताम् लभन्ताम्’ ही ओळ त्याच्या जिभेवर असते आणि तीच त्याला वाचवते. अडखळतो तो क्लृप्तीवर विसंबलेला. घोकंपट्टीचा म्हणून जो अपयशाचा हिशेब मांडला जातो, त्याची बरीच रक्कम या दुसऱ्या खात्यावर टाकावी लागेल.

तरीही एक जागा अशी आहे की जेथे पक्के पाठांतरही कामास येत नाही, आणि आक्षेपकांच्या म्हणण्यात तथ्य असेल तर ते येथे आहे. ‘गच्छति’ हे रूप घ्यावे. कोष्टक सांगते : लट्, प्रथमपुरुष, एकवचन. आता ‘रामे वनं गच्छति दशरथः शोकम् अकरोत्’ हे वाक्य घ्यावे. येथे ‘गच्छति’ हे क्रियापद नाहीच. ‘जात असलेला’ या अर्थाच्या ‘गच्छत्’ या विशेषणाची ती सप्तमी आहे, आणि ‘रामे’ या सप्तमीशी जुळून ती ‘राम वनात जात असताना’ असा अर्थ देते. या रचनेला सतिसप्तमी म्हणतात. अक्षरे तीच, क्रम तोच, आणि कोष्टकाला या दोहोंतला भेद सांगता येत नाही. तो वाक्यच सांगते. स्पॅनिशमध्ये याचेच प्रतिरूप सापडते : ‘असणे’ आणि ‘जाणे’ या दोन धातूंची पूर्ण भूतकाळातली रूपे अक्षरशः एक आहेत, ‘फुई, फुइस्ते, फुए’, आणि ‘फुए’ म्हणजे तो गेला की तो होता, याचा निर्णय शेजारचे शब्द करतात. रूप ओळखणे ही पहिली पायरी आणि वाक्यात ते काय करते हे ठरवणे ही दुसरी. पहिलीवाचून दुसरी चढता येत नाही, पण पहिलीवरच थांबलेल्यालाही वर गेल्याचे श्रेय देता येत नाही. अर्थ न जाणता पाठ करणाऱ्याची यास्काने निरुक्तात केलेली निर्भर्त्सना या थांबणाऱ्याला उद्देशून आहे. पाठ करणाऱ्या प्रत्येकाला ती लावणे म्हणजे यास्कावर अन्याय आहे.

दुसऱ्या पायरीसाठी लातूर-नांदेडच्या मुलाजवळ भांडवल कमी आहे, असेही नाही, आणि या भांडवलाकडे शाळा व शिकवणी दोघांचेही दुर्लक्ष झाले आहे. वाच्यपरिवर्तन, म्हणजे कर्तरी वाक्याचे कर्मणी करणे, हा भाग सूत्रासारखा शिकवला जातो : कर्त्याची तृतीया करा, कर्माची प्रथमा करा, क्रियापद कर्माप्रमाणे चालवा. मुलगा ते गणितासारखे करतो आणि ‘बालकः फलं खादितवान्’ याचे ‘बालकेन फलं खादितम्’ करून मोकळा होतो. त्याला कोणी सांगत नाही की घरी तो दिवसभर हेच बोलतो. ‘मुलानं पोळी खाल्ली, मुलानं आंबा खाल्ला’ येथे क्रियापद मुलाप्रमाणे चालत नाही, पोळीप्रमाणे आणि आंब्याप्रमाणे चालते. मराठीचा भूतकाळ संस्कृतच्या कर्मणी धातुसाधितातूनच आला आहे, आणि इंग्रजी माध्यमातल्या मुलाला जे बाहेरून शिकावे लागते ते या मुलाच्या जिभेवर जन्मापासून आहे. अपूर्ण वर्तमानाचेही तसेच. ‘काय करायलास?’ ‘वाचायलोय’ ही मराठवाड्याची बोली. ‘वाचतो’ आणि ‘वाचायलाय’ हा भेद येथले मूल सहज पाळते, पण संस्कृतचे ‘पठति’ दोन्ही अर्थ पोटात घेते आणि त्यांतला कोणता घ्यायचा हे प्रसंगावरून ठरवावे लागते. मंडळाच्या प्रश्नपत्रिकेत काही उत्तरे माध्यमभाषेत, म्हणजे येथे मराठीत, लिहायची असतात; हा निर्णय नेमका तेथे करावा लागतो. या मुलाच्या मार्गात एक काटा मात्र शाळेनेच पेरून ठेवला आहे. मराठी व्याकरणाच्या तासाला ‘मी’ हा प्रथमपुरुष असतो आणि पुढच्याच तासाला संस्कृतमध्ये ‘सः’ हा प्रथमपुरुष होतो, ‘अहम्’ उत्तमपुरुषात जातो. दोन्ही विषयांचे शिक्षक एकाच खोलीत बसून चहा घेतात, तरी या अदलाबदलीचा खुलासा वर्गात क्वचितच होतो.

हे दोन धागे, कोष्टक आणि वाक्य, एकत्र विणून दाखवणारे शालेय पुस्तक महाराष्ट्रात फार पूर्वी होऊन गेले आहे. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी १८६०च्या दशकात मार्गोपदेशिका लिहिली तेव्हा मुंबई इलाख्यातल्या शाळांत संस्कृत नव्याने येत होते, आणि त्यांनी पाठाची घडण अशी ठेवली की थोडी रूपे द्यायची, त्यांना लागून संस्कृत वाक्ये भाषांतरासाठी द्यायची आणि मग उलट, इंग्रजी वाक्ये संस्कृतात करायला द्यायची. पाठ केलेले रूप त्याच दिवशी दोन्ही दिशांनी कामाला लागे. काळांची ‘प्रथम भूत’, ‘द्वितीय भविष्य’ अशी जी नावे जुन्या पिढीच्या तोंडी होती त्यांच्या जागी आता ‘लङ्’ आणि ‘लृट्’ आले, ते बरेच झाले. परंतु नावांबरोबर ती घडणही मागे पडली, हे बरे झाले नाही.

आणि ती मागे पडली याचे कारण प्रश्नपत्रिकेत शोधावे लागते. क्रियापदतालिकेच्या प्रश्नात एका ओळीत लकार, पुरुष आणि तीनपैकी एक रूप दिलेले असते, उरलेली दोन भरायची असतात. हा प्रश्न पाठांतर तपासतो आणि ते तपासायलाच हवे; पण तो रूपाला वाक्याबाहेर काढून तपासतो, म्हणून त्याची तयारीही वाक्याबाहेरच केली जाते. संपूर्ण संस्कृतच्या प्रश्नपत्रिकेत अपठित उतारा असतो, हे आक्षेपक विसरतात आणि मंडळही त्याचा पुरता उपयोग करून घेत नाही, कारण तालिका आणि उतारा हे एकाच पत्रिकेत राहूनही एकमेकांना ओळखत नाहीत. तालिकेतली रिकामी घरे त्या उताऱ्यातल्याच क्रियापदांची करावीत, म्हणजे मुलाला आधी उताऱ्यात रूप शोधावे लागेल, ते क्रियापदच आहे याची खात्री करावी लागेल, लकार स्वतः ठरवावा लागेल आणि मग उरलेली रूपे लिहावी लागतील. ‘गच्छति’ एकदा क्रियापद म्हणून आणि एकदा सप्तमी म्हणून आलेला सहा ओळींचा उतारा रचणे कोणत्याही अनुभवी संस्कृत शिक्षकाला अवघड नाही.

या सूचनेवर एक व्यवहारी आक्षेप अपेक्षित आहे : उत्तरपत्रिका तपासणाऱ्यांचे काम वाढेल, गुणदानात एकवाक्यता राहणार नाही. परंतु भरायची रूपे निश्चितच राहतात, ‘अगच्छत्’ ला ‘अगच्छताम्’ हेच द्विवचन असते, आदर्श उत्तरपत्रिकेत एक शब्दही संदिग्ध होत नाही आणि गुणांची विभागणी आहे तशीच ठेवता येते. वाढते ते फक्त प्रश्न काढणाऱ्याचे काम, कारण सुटी ओळ उचलून देण्याऐवजी त्याला उतारा लिहावा लागतो. लातूर विभागातल्या शिकवण्या प्रश्नपत्रिकेच्या मागोमाग किती तत्परतेने वळतात हे गेल्या चाळीस वर्षांत सर्वांनी पाहिले आहे. तालिका उताऱ्याशी जोडली गेली तर पुढच्या जूनपासून उद्योग भवन परिसरात आणि श्यामनगरात उताऱ्यांच्या चाचण्या सुरू होतील, आणि त्यांसाठी मुलांना कोष्टके आजच्याइतकीच, किंबहुना आजच्याहून पक्की करावी लागतील.